गळिताच्या हंगामातील नाताळ

ख्रिस्ती पंचांग या देशी आले ते गलबतांतून. त्यातील आगमनकाळ, नाताळ, चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि पुनरुत्थानाचा सण ही पर्वे ज्या मुलखांत शतकानुशतके मुरली, तेथे डिसेंबरात दुपारीच सांज होते, एप्रिलात निष्पर्ण झाडांना पालवी फुटते आणि शरदाच्या तोंडावर कोठारे भरतात. साहजिकच अंधारात उजळलेला दीप काय, की थडग्यातून उगवलेले जीवन काय, या गोष्टी तेथल्या माणसाला अर्ध्याअधिक ऋतूच समजावून सांगतो आणि उपदेशकाचे काम हलके होते. शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या दोन तालुक्यांत हा हिशेब जुळत नाही. येथे पुनरुत्थानाचा सण येतो तो विहिरींनी तळ गाठल्यावर, बाभळीखेरीज हिरवे असे फारसे काही उरलेले नसताना; पन्नासाव्या दिवसाचा सण येतो तो रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे, जेव्हा सारा गाव पश्चिमेच्या आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो; आणि नाताळ येतो तो उसाच्या गळिताला ऐन रंग चढलेला असताना, जेव्हा रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग असते, पहाटेच्या धुक्यात मळीचा वास मिसळलेला असतो आणि पाटसचा भीमा काय, न्हावऱ्याचा घोडगंगा काय, यंदा कोणता कारखाना चालू आणि कोणता बंद, याखेरीज चावडीवर दुसरा विषय नसतो.

अशा दिवसांत आमच्या उपासनामंदिरांतून गव्हाणीचा देखावा मांडला जातो आणि त्याच्या छपरावर कापसाचे बर्फ पसरले जाते. या कापसाशी आमचे वैर नाही. लेकरांना त्यात आनंद वाटतो आणि लेकरांच्या आनंदावर टीका करणारा लेखक शहाणा समजू नये. शास्त्रात जन्माची तारीख दिलेली नाही आणि हवामानही दिलेले नाही. पण त्या देखाव्यात जे दाखवायचे आहे, म्हणजे घर सोडून दूर आलेले एक दांपत्य, अवघडलेली स्त्री, जनावरांच्या शेजारी झालेले बाळंतपण आणि उघड्या रानात रात्र जागवणारे मेंढपाळ, ते सारे त्याच रात्री मंदिरापासून कोस-दीड कोसावर, उसाच्या फडाच्या कडेला, प्रत्यक्षात हजर असते; आणि आम्ही ते पाहायला जात नाही. आमचा आक्षेप आहे तो इतकाच, पण तो लहान नाही.

परक्या मुलखातून आलेली श्रद्धा या मातीतील हंगामाशी जोडून घेण्याची कला येथल्या माणसाला अवगत नव्हती असे मुळीच नाही. शिरूर, म्हणजे लोकांच्या तोंडचे घोडनदी, ही एके काळी कंपनी सरकारची छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली ती येथूनच, आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. त्याच छावणीत १८०९ साली कर्नल वॉलेस नावाचा एक अंमलदार मृत्यू पावला. हा गृहस्थ धर्मोपदेशक नव्हता, शिपाईगडी होता. तरी त्याच्या थडग्याला आसपासच्या गावकऱ्यांनी सत्पुरुषाचे स्थान मानले, आणि सुगी आली की नव्या धान्याचा पहिला वानवळा नैवेद्य म्हणून ते तेथे नेत, असे मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरच्या पुणे खंडात नमूद आहे. मिशनरी मंडळींना हे भाबडेपण वाटले असेल, सनातन्यांना भ्रष्टाचार वाटला असेल. आम्हाला त्यात कुणब्याची एक पक्की समजूत दिसते, की ज्याला आपण थोर मानतो त्याचा आपल्या धान्याशी काही संबंध असलाच पाहिजे, नाहीतर त्याचे थोरपण आपल्या कामाचे नाही.

पुढे अमेरिकन मराठी मिशनने, ज्याचे मुख्य ठाणे १८३१ पासून अहमदनगरास होते, शिरुरासही आपले एक ठाणे केले, शाळा काढली, हातांना उद्योग देण्याची खटपट केली, आणि बहुतांशी गावकुसाबाहेरील वस्त्यांतून येथील मंडळ्या उभ्या राहिल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर कीर्तन, अभंग आणि टाळ-मृदंग ख्रिस्ती उपासनेत रुजवले हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने अज्ञात, पण आमच्या मते तितकेच देशी, असे एक पर्व खेड्यातील मंडळ्यांनी आपले आपणच घडवले. ते म्हणजे हंगामाचा सण. पायलीभर बाजरी, वांग्यांची पाटी, अंड्यांची परडी, दुधी भोपळा, पाय बांधलेली एखादी कोंबडी, उसाची मोळी, जे ज्याच्या घरचे ते तो घेऊन येतो आणि वेदीपुढे मांडतो. पाळकसाहेब उपकारस्तुतीची प्रार्थना करतात, कोंबडी मधूनच ओरडते, ते ती ऐकून न ऐकल्यासारखे करतात. आणि मग सुरू होतो लिलाव. या लिलावातील भोपळा बाजारात जितक्याला मिळेल त्याच्या चौपट किमतीला सुटतो, घेणारा तो तिथल्या तिथे पुन्हा लिलावाला परत देतो, दुसरा घेतो, तोही परत देतो, आणि शेवटी तो भोपळा ज्याच्या घरी जातो त्याला तो शिजवावा की जपून ठेवावा हे कळेनासे होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवहाराला काही अर्थ नाही. पण ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांना बलुत्याचे धान्य खळ्यावर वाकून मागावे लागत होते, त्या समाजाने आपल्या हातचे धान्य मानाने देवापुढे मांडावे आणि त्यावर चढाओढीने बोली लावावी, यात जो अर्थ आहे तो आम्हाला कुठल्याही दिव्यांच्या रोषणाईपेक्षा मोलाचा वाटतो.

मात्र या सणात एक उणीव शिरली आहे. हा सण बाजरी-ज्वारीचा आहे. पेरणी घरच्यांची, खुरपणी घरच्यांची, कापणी घरच्यांची किंवा सावडीतल्या शेजाऱ्यांची. तेव्हा जो मांडायचा तो स्वतःच्याच हातचा घास, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानले की कृतज्ञतेचे वर्तुळ पुरे होत असे. घोड आणि चासकमानच्या कालव्यांनी शिरुराचा, आणि खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याने दौंडचा बराच भाग भिजू लागला, ऊस आला, आणि उसाबरोबर तोडणीला परक्या जिल्ह्यातला माणूस आला. आज आमच्यापैकी ज्यांच्याकडे पाण्याखालची जमीन आहे त्यांचे आणि ज्यांचे पोट कारखान्यावर, गुऱ्हाळावर किंवा वाहतुकीवर आहे त्यांचेही वर्ष तोडणीच्या कोयत्यावर तोलले जाते; परंतु ज्याच्या हातात तो कोयता आहे तो हंगामाच्या सणात कोठेच नसतो. तो येतो दिवाळीच्या सुमारास आणि जातो उन्हाळा लागता लागता, म्हणजे नाताळ ते उपवासकाळ हा आमच्या पंचांगाचा सगळा गाभा तो आमच्या शिवारात काढतो, आणि आमच्या प्रार्थनेच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

पंडिता रमाबाईंची आठवण येथे काढल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण त्यांचे केडगाव याच दौंड तालुक्यात, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. रमाबाईंवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यांचे चरित्र वाचताना बहुधा विद्वत्ता, वैधव्य, विलायत, बाप्तिस्मा आणि वाद या पायऱ्यांवरच वाचकाचा वेळ जातो. आम्हाला त्यांच्याकडे दुष्काळ ओळखणारी बाई म्हणून पाहावेसे वाटते. १८७०–८० च्या दशकातील दुर्भिक्षाने त्यांचे आईवडील आणि बहीण हिरावली, आणि ते दिवस त्यांनी कोवळ्या वयात पायी भटकत सोसले होते. म्हणून १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली, तेव्हा त्यांनी वर्गणीची याद फिरवून समाधान मानले नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अन्नान्न झालेल्या मुली व तरुण विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर आणि प्लेगच्या अंमलदारांचा कायदा. शहरात इतकी माणसे ठेवण्याची परवानगी मिळेना. केडगावास त्यांच्या शारदा सदन या संस्थेच्या निर्वाहाकरिता फळझाडे लावावीत म्हणून घेतलेली जमीन होती. त्या उघड्या जमिनीवर तात्पुरती छपरे घालून त्यांनी ती माणसे उतरवली, आणि तेच मुक्ती सदन झाले.

विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. १९०० च्या सुमारास, गुजरातचा दुष्काळ पडल्यानंतर, मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. वर बांधकामाचे गवंडी, मजूर, जनावरे, आणि पाण्याला विहिरी मोजक्या. रोज संध्याकाळी विहिरीचा तळ दिसे आणि उद्या सकाळी काय, असा प्रश्न उभा राही. सकाळी पुन्हा पाणी चढलेले असे. रमाबाईंनी याला ईश्वरी कृपा म्हटले. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला झरा म्हणेल, आणि दोघांच्या म्हणण्यात आम्हाला भांडण दिसत नाही. ज्याने पूर्व दौंडात एप्रिल-मे महिन्यांत विहिरीच्या कठड्यावर बसून पाणी साठण्याची वाट पाहिली आहे, त्याला या घटनेतला थरार सांगावा लागत नाही. आम्हाला बोट ठेवायचे आहे ते निराळ्याच ठिकाणी. पाणी पुरेल की नाही हे ठाऊक नसताना माणसे आधी आणली गेली. हिशेब करूनच दया करायची असती तर मुक्तीत चारशेंच्या पुढे मुलगी घेतली गेली नसती. १९०५ च्या पावसाळ्याच्या आरंभी तेथे जे प्रार्थनेचे मोठे उद्दीपन झाले, ज्याची कीर्ती जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत अद्याप सांगितली जाते, त्याचा गौरव सर्वच करतात. परंतु ते उद्दीपन ज्या छपराखाली झाले ते छप्पर आधी दुष्काळग्रस्तांसाठी घातलेले होते, हा क्रम विसरला जातो.

आता लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा या तालुक्यांच्या डोळ्यांनी वाचून पाहावी. तिचा आरंभ होतो तो देवदूतापासून नव्हे, सरकारी फर्मानापासून. कैसर औगुस्ताने खानेसुमारीचा हुकूम काढला, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे ठरले, आणि नासरेथात सुतारकी करणारा योसेफ आपल्या गरोदर स्त्रीला घेऊन बेथलेहेमास निघाला. रोमच्या दप्तरखान्यात बसलेल्या कारकुनाला त्या बाईचे दिवस भरले आहेत की नाहीत याच्याशी कर्तव्य नव्हते. उतारशाळेत जागा मिळाली नाही, बाळ जन्मले ते गव्हाणीत ठेवावे लागले. आणि ही वार्ता प्रथम कोणाला कळली? ज्यांची नोंद कोणत्याच खानेसुमारीत धड होत नाही अशा, रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

शिरूर-दौंडच्या माणसाला मेंढपाळ चित्रात पाहावा लागत नाही. परतीचा पाऊस सरला की धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून हलू लागतात. कोणी घाट उतरून कोकणात जातो, कोणी याच शिवारांतून फिरत राहतो. मोकळ्या रानात वाघूर लावून मेंढरे बसवतात, त्यांच्या लेंडीखताबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, आणि रात्रभर शेकोटीपाशी कोणीतरी जागे असते. ही जाग हल्ली पूर्वीपेक्षा भयाची झाली आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि त्यांच्या उसात बिबट्या पिढ्यान्‌पिढ्या वाढला आहे. त्याला आता डोंगरातली गुहा परकी आणि उसाचा फड घर. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात महिन्याच्याही आत तिघांचा बळी गेला, त्यांत दोन लहान मुले. लोक रस्त्यावर उतरले, आणि अखेर वनखात्याला नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घालावी लागली. अंधारात कळप राखणाऱ्यांच्या मनात पहिली गोष्ट येते ती भीती, आणि म्हणूनच त्यांना देवदूताचे पहिले सांगणे होते ते भिऊ नका असे, हे पिंपरखेडच्या आसपासच्या धनगराला टीकाग्रंथ न वाचताही उमगेल.

आणि ऊसतोड टोळीची कोपी? ज्याने ती पाहिली नाही असा या भागात कोणी नसेल, पण जवळ जाऊन पाहिलेले थोडे. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवायच्या, वर पाचट किंवा ताडपत्री, आत उंची इतकी की उभ्या माणसाला वाकावे लागते. दाराशी तीन दगडांची चूल, जवळच पाण्याचा पिंप आणि बाजूला बैल. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची म्हणून हा कोयता पहाटे तीन-चारला, हिव पडलेल्या उसात शिरतो. नवरा तोडतो, बायको पाला सोलून मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. तान्हे मूल असेल तर गाडीच्या जुवाला झोळी बांधलेली असते, किंवा ते पाचटावर टाकलेल्या धडप्यावर झोपलेले असते आणि त्याच्याहून चार वर्षांनी मोठी बहीण त्याच्यावरच्या माश्या हाकत असते. बाईचे दिवस भरत आले तर गावी परत जायचे कसे? उचल फिटलेली नसते आणि कोयता मोडला तर तो खाडा हिशेबात धरला जातो. तिची गरोदरपणाची नोंद बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील तिच्या गावच्या उपकेंद्रात, आणि कळा येतात घोडनदीच्या काठी. येथल्या आशाताईच्या वहीत तिचे नाव नाही, कारण ती येथली नाही. टोळीतल्या दोन वडीलधाऱ्या बाया पुढे होतात. २०१९ साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय उघड झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, विधिमंडळात चर्चा झाली, आणि आपण सर्व हळहळलो. पण ज्या कामाच्या धास्तीने त्या बायका शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात ते काम आपल्याच शिवारात होते, हे मात्र आपल्या बोलण्यात फारसे आले नाही.

यात आता खुद्द खानेसुमारीचीच भर पडली आहे. २०२१ ची जनगणना करोनामुळे राहिली ती राहिलीच. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार ती आता २०२७ साली व्हावयाची ठरली, घरयादीसाठी २०२६ चे एप्रिल ते सप्टेंबर आणि प्रत्यक्ष शिरगणतीसाठी फेब्रुवारी २०२७ असा अवधी मुक्रर झाला, आणि संदर्भदिन धरला गेला १ मार्च. कॅलेंडर डोळ्यांसमोर धरून हे वाचावे. घरयादी तयार होते त्या महिन्यांत आमच्या शिवारात एकही कोपी नसते. शिरगणती होते त्या महिन्यात त्या शेकड्यांनी असतात. बेथलेहेमच्या कथेत माणसाला नोंदीसाठी मूळ गावी जावे लागले. येथे मूळ गावी घराला कुलूप, आणि जेथे माणूस आहे तेथे त्याचे घर यादीत नाही. जेथे माणूस आढळेल तेथे त्याची गणना करण्याचा नियम आहे आणि प्रगणक प्रामाणिक असेल तर तो टोळीपर्यंत पोहोचेलही. परंतु जनगणनेचे काम बहुधा ज्यांच्या गळ्यात पडते ते शाळामास्तर दिवसा फिरतात, आणि दिवसा कोपीत भेटते ती फार तर एक म्हातारी आणि दोन पोरे. टोळी आज या फडात, परवा त्या. एखादे तान्हे दोन्हीकडच्या याद्यांतून निसटणे मुळीच अवघड नाही.

या खानेसुमारीत जातीचा रकाना आहे, आणि त्यामुळे आमच्या मंडळ्यांतूनही कुजबूज आहे. दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती माणसाने तेथे काय लिहावे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या लागू झाल्या, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. हा अन्याय आहे असे आमचे स्पष्ट मत आहे आणि त्यावर भांडणेही रास्त आहे. मात्र आपल्या रकान्याची चिंता वाहणाऱ्या समाजाने, ज्याचे नावच कोणत्या रकान्यात येणार नाही अशा शेजाऱ्याकडे पाठ फिरवावी, हे काही शोभत नाही.

यावर दोन हरकती येतील हे आम्ही जाणतो. पहिली, की हे सर्व सरकारचे, कारखान्याचे आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे काम. मंडळी मूठभर, तिच्याजवळ ना पैसा ना मनुष्यबळ. ही हरकत खरी आहे आणि तशीच अपुरी आहे. कारखान्याने काय करावे याबद्दल वृत्तपत्रांनी लिहीतच राहावे, आम्हीही लिहू. परंतु एका रात्री एका बाईला दवाखान्यात नेण्यासाठी महामंडळाचा ठराव लागत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबाला आणि परक्याला असू द्यावीत, अशी आज्ञा आहे, आणि त्याच आज्ञेच्या आधाराने रूथ नावाची एक परमुलखातील विधवा बेथलेहेमच्याच शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचत पोट भरते. पुढे तिच्याच वंशात दावीद होतो आणि दाविदाच्या घराण्यात ख्रिस्त. आमच्याकडे तोडलेल्या उसाचे वाढे टोळीने घ्यावे ही रूढी कोणाही धर्मशास्त्रावाचून चालत आलेली आहे. शेतकऱ्याला हे कळते. मंडळीला कळायला काय हरकत असावी?

दुसरी हरकत अधिक नाजूक. ख्रिस्ती माणूस गरिबाच्या झोपडीत गेला की त्याच्या हातातील पिशवीत औषध आहे की बाप्तिस्म्याचे पाणी, असा संशय हल्ली लवकर घेतला जातो. संशय आजचा नाही. १८९३ साली शारदा सदनावर याच आरोपाचे वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली, केसरीने कडक लिहिले. आणि खरे बोलायचे तर, रमाबाई आपली श्रद्धा लपवून ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यामुळे तो आरोप सर्वस्वी हवेतला होता असेही म्हणता येत नाही. आम्ही त्यांच्यावर प्रेम करतो आणि तरीही असे मानतो की ज्याच्या डोक्यावर उचल आहे आणि ज्याचे मूल तापले आहे, त्या माणसापुढे त्या घटकेला धर्माचा विषय काढणे हे त्याच्या अडचणीचा फायदा घेणे होय. तेथे जाताना पुस्तक घरी ठेवावे, पत्रके तर मुळीच नेऊ नयेत. गावचे सरपंच, ग्रामपंचायतीचा शिपाई, आशाताई, जिल्हा परिषद शाळेचे मास्तर यांना बरोबर घेऊन, उजेडात, सर्वांच्या देखत जावे. ते हिंदू असतील, बौद्ध असतील, त्यांच्याबरोबर गेल्याने आपल्या सेवेला काही उणेपणा येत नाही. संशय घेणाऱ्याला घेऊ द्यावा. दोन-तीन हंगाम तेच काम होताना दिसले की तो दमतो.

करावयाचे काम म्हणाल तर ते अगदीच साधे आहे, आणि आम्हाला त्याचे साधेपणच आवडते. आगमनकाळाच्या चार रविवारांत मंडळीतील चार जोडप्यांनी आपापल्या शिवारातील टोळ्या पाहून घ्याव्यात, कोणत्या कोपीत गरोदर बाई आहे आणि कोणत्या महिन्याची, हे उपकेंद्रात कळवावे, शाळेच्या वयाची मुले मास्तरांना सांगावीत. आणि फेब्रुवारीत प्रगणक येईल तेव्हा त्याला दिवस मावळल्यावर टोळी गाठून द्यावी. हंगामाच्या सणाच्या लिलावाचे पैसे कशाकडे लावावेत, मंदिराच्या रंगाकडे की ध्वनिक्षेपकाकडे, हा वाद दरवर्षी मंडळीच्या कार्यकारिणीत होतो. यंदा ते एका जीपच्या भाड्यासाठी बाजूला ठेवावेत असा ठराव कोणीतरी मांडावा, ज्या जीपचा चालक नाताळापासून गळीत संपेपर्यंत रात्री-अपरात्री फोन उचलेल. आणि तो कोणाचा मामा-भाचा आहे म्हणून नव्हे, तर त्याला फडापर्यंतची पाणंद अंधारात सापडते म्हणून निवडावा. त्याचा नंबर मुकादमाकडे न देता टोळीतल्या बायांकडे द्यावा, कारण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर मुकादम आपल्या गावात झोपलेला असतो.